मणी का विरघळत होते

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम) अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, जेल होणाऱ्या पदार्थाच्या) मण्यांत अडकवत होते. २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये एन्झाइम मिसळून सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचं. भिजलेल्या साबुदाण्यासारखे मणी झकास व्हायचे. दुसऱ्या दिवशी बघावं तर बाटलीत नुसती खळ! आठवडाभर अल्जिनेटच्या डब्यालाच शिव्या घातल्या.

दोष मणी ज्यात ठेवले होते त्या बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) होता. सवयीने फॉस्फेट घेतलं होतं, आणि ते मण्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियमच ओढून घेतं. मग ४.५ पीएचचं ॲसिटेट बफर घेतलं (इन्व्हर्टेजलाही हाच पीएच मानवतो), त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड टाकलं. मणी टिकले. गाळून, धुऊन तेच मणी साखरेच्या पाण्यात पाचदा वापरले. एन्झाइम थोडं झिरपतंच. पाचव्या खेपेला काम मंदावलं होतं.