बूटलोडर अद्ययावत केल्यावर बोर्ड सुरू होत नसेल तर

नवा बूटलोडर, म्हणजे वीज येताच चालून पुढची प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम, लिहून झाला, वीजपुरवठ्याचा दिवा लागला आणि पुढे काहीच हालचाल नाही, अशा वेळी तीच फाइल पुन्हा पुन्हा लिहीत बसू नये, कारण त्यात बिघाडाची खूण पुसली जाते आणि मूळ चूक जागेवरच राहते. अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये द्राक्षबागांसाठी ठिबक सिंचनाचे नियंत्रक जुळवले जातात आणि त्यांत बीगलबोन ब्लॅक हा छोट्या संगणकाचा बोर्ड वापरतो, म्हणून पुढील तपशील त्याच बोर्डाचे आहेत.

सर्वप्रथम सीरियल केबल जोडावी. बोर्डावरील जे-१ या सहा पिनांच्या पट्टीत पहिली पिन ग्राउंडची, चौथी बोर्डाने ऐकण्याची आणि पाचवी बोर्डाने बोलण्याची असते; केबल ३.३ व्होल्टचीच हवी, कारण ५ व्होल्टच्या केबलने चिप जळू शकते. टर्मिनलचा वेग ११५२०० ठेवावा आणि केबल जोडल्यानंतरच बोर्डाला वीज द्यावी, म्हणजे पहिली ओळही निसटणार नाही.

आता शेवटची ओळ कोणती आली ते पाहावे. चिपमधला कायमचा रॉम कोड एमएलओ ही छोटी फाइल उचलतो, एमएलओ मुख्य बूटलोडरला, म्हणजे यू-बूटला, बोलावते आणि यू-बूट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला. साखळी जिथे तुटली तिथेच ओळी थांबतात. पडद्यावर एकामागून एक नुसते ‘सी’ हे अक्षर उमटत असेल, तर रॉमला वैध एमएलओ कुठेच सापडलेली नाही आणि तो सीरियलवरून फाइल मागत आहे. ही खरे तर दिलासा देणारी खूण आहे, कारण चिप जिवंत आहे. एसपीएलची (म्हणजे एमएलओचीच) ओळ येऊन पुढे शांतता असेल, तर मुख्य यू-बूटची फाइल गायब, अपुरी किंवा वेगळ्या आवृत्तीची आहे. दोन्ही फाइली नेहमी एकाच बांधणीतल्या (बिल्डमधल्या) घ्याव्यात.

‘स्टार्टिंग कर्नल’ नंतर सारे थांबले, तर बूटलोडरने कर्नलकडे सूत्रे सोपवलेली असतात, परंतु त्याने दिलेली माहिती चुकीची असू शकते. यू-बूटच्या जतन केलेल्या एन्व्हायर्नमेंटकडे, म्हणजे सेटिंगांच्या संचाकडे, इथे लक्ष द्यावे. त्याची तपासणीची बेरीज (सीआरसी) जुळत नसल्याची सूचना आली, तर यू-बूट स्वतःची मूळ मूल्ये वापरतो, त्यात सहसा धोका नसतो; खरा त्रास देते ते वैध पण जुने एन्व्हायर्नमेंट, कारण ते कोणतीही सूचना न देता जुने पत्ते, जुनी डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावरील भागांचे वर्णन) आणि कन्सोलच्या पोर्टचे जुने नाव पुढे ढकलते. सर्व मूल्ये छापून वहीत किंवा फाइलीत उतरवून ठेवावीत आणि मगच ती मूळपदावर आणून जतन करावीत.

फळछाटणीनंतर बागेतून परत आलेल्या एका नियंत्रकावर माझी संपूर्ण दुपार गेली होती. एसडी कार्डावर मी नवा यू-बूट तीनदा लिहिला, तरी बोर्ड तिथेच अडकत होता. अखेर आवृत्तीच्या ओळीतली बांधणीची तारीख वाचली, तेव्हा ती दोन वर्षांपूर्वीची निघाली. बोर्ड कार्डाकडे न पाहता ईएमएमसीमधला, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या मेमरीतला, जुना यू-बूटच चालवत होता. या बोर्डावर एस-२ बटण दाबून ठेवून वीज दिली तरच कार्डाला ईएमएमसीच्या आधी संधी मिळते. बटणाची स्थिती केवळ वीज येताना वाचली जाते, त्यामुळे रीसेट दाबून उपयोग होत नाही. यूएसबी केबलसह सर्व वीजपुरवठा काढावा लागतो.

दुरुस्तीसाठी, चालत असल्याची खात्री असलेल्या कार्डावरून बोर्ड सुरू करावा आणि ईएमएमसीवर एमएलओ १२८ किलोबाइटवर व यू-बूटची फाइल ३८४ किलोबाइटवर लिहावी. लिहिण्यापूर्वी फाइलीचा आकार जरूर पाहावा: पहिले पार्टिशन १ मेगाबाइटवर सुरू होत असेल तर यू-बूटसाठी जेमतेम ६४० किलोबाइट उरतात, आणि नव्या आवृत्त्या वाढत गेल्याने फाइल त्यापलीकडे गेली की पार्टिशनच खराब होते. अशा वेळी पार्टिशन ४ मेगाबाइटवर नेणे हाच मार्ग. हे आकडे दुसऱ्या चिपला लावू नयेत. ऑलविनरची सुरुवात ८ किलोबाइटवर, तर रॉकचिपची ६४ व्या सेक्टरवर होते.

लिहिलेला भाग परत वाचून मूळ फाइलीशी बाइट-बाइट जुळवावा, सिंक कमांड द्यावी आणि वीज जाण्याचा भरवसा नसल्याने हे काम यूपीएसवरच करावे. बोर्ड बागेत पाठवण्यापूर्वी एसडी कार्ड काढून टाकावे, वीज पूर्ण तोडावी आणि पुन्हा द्यावी, असे दहा वेळा करून दर वेळी सीरियलवर एसपीएल व यू-बूट या दोन्हींच्या ओळींतली आवृत्ती एकच येते का ते तपासावे.