माऊसच्या चाकाचं सेटिंग: एक्सेल, ऑटोकॅड आणि उड्या मारणारं पान

उद्यमनगरात ड्रॉइंग करणारी पोरं असू देत नाहीतर मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघणारी मंडळी, दिवसभर बोट माऊसच्या चाकावरच असतंय, आणि तरी बहुतेक जण चाकाचं सेटिंग पहिल्यापासून आहे तसंच ठेवतात. विंडोजमध्ये ते 3 वर असतंय, म्हणजे चाकाचा एक खटका फिरला की 3 ओळी सरकतात. हा आकडा सगळ्या कामांना चालत नाही, तुमच्या कामाप्रमाणं बदलून घ्या, बोटाला आणि मनगटाला खरंच आराम पडतोय.

विंडोज 11 असेल तर विंडोजचं बटण आणि आय एकदम दाबा, सेटिंग्ज उघडतंय, त्यात ब्लूटूथ अँड डिव्हायसेस आणि मग माऊस. विंडोज 10 ला नुसतं डिव्हायसेस, मग माऊस. तिथं एका वेळी किती ओळी सरकवायच्या त्याची पट्टी आहे, 1 पासून 100 पर्यंत. लांबच्या लांब एक्सेल शीट असेल तर 5-6 बरं पडतंय, पण ओळीन् ओळ ताळा करत बसायचं असेल तर 1 किंवा 2 च ठेवा, नाहीतर नजर चुकून मधलीच एंट्री सुटते. पट्टीच्या वर ‘वन स्क्रीन ॲट अ टाइम’ असा पर्याय असतोय, तो चुकून निवडला गेला की एका खटक्यात अख्खा स्क्रीन जातोय, तेव्हा पान उड्या मारतंय असं वाटलं तर आधी हे बघा.

त्याच पानावर आणखी एक बटण आहे, ‘स्क्रोल इनॲक्टिव्ह विंडोज’, हे चालूच ठेवा. समजा डावीकडं बिलाची पीडीएफ आणि उजवीकडं एक्सेल, तर एक्सेलच्या सेलमध्ये टाइप करता करता पॉइंटर नुसता पीडीएफवर न्यायचा आणि चाक फिरवायचं, क्लिक करायची गरजच नाही, बिल सरकतंय आणि कर्सर सेलमध्येच राहतोय. एंट्री मारणाऱ्यांसाठी यासारखी दुसरी सोय नाही.

आता एक्सेलमध्ये चाक फिरवलं आणि शीट सरकायच्या ऐवजी लहानमोठी व्हायला लागली तर आधी कंट्रोलचं बटण अडकलंय का बघा, ते नसेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन ‘झूम ऑन रोल विथ इंटेलिमाऊस’ समोरची टिक काढा. ब्राउझरमध्ये आडवं सरकवायला शिफ्ट दाबून चाक फिरवा.

ऑटोकॅडवाल्यांचं गणित वेगळं. तिथं चाक ओळी सरकवत नाही, झूम करतंय, आणि त्याचा आकडा विंडोजच्या पट्टीत नसतोय. कमांडला झूमफॅक्टर टाइप करा, सलग, मध्ये स्पेस नाही. मुळात 60 असतंय, 3 ते 100 मध्ये काहीही देता येतं, आकडा कमी केला की झूम हळू होतंय. कास्टिंगच्या ड्रॉइंगवर बारीक फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, बघताना एका खटक्यात फिलेटच स्क्रीनबाहेर जात असेल तर 20-30 करून बघा. उलटं झूम होतंय म्हणणाऱ्यांनी झूमव्हील ही कमांड देऊन 0 चं 1 करायचं, किंवा 1 चं 0. आणि चाक दाबून धरून ड्रॉइंग ओढता येत नसेल तर एमबटनपॅन 1 करा.

मॅकवर पान उलट्या दिशेला जातंय वाटलं तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये माऊस, तिथं नॅचरल स्क्रोलिंग बंद करा. 2011 पासून ॲपलनं ते आपणहून चालू ठेवलंय.

एवढं करून पण खाली फिरवताना पान मध्येच वर येत असेल तर सेटिंग बदलत बसू नका. नोटपॅडमध्ये एखादी लांब फाइल उघडून एकेक खटका सावकाश फिरवा, तिथं पण मागंपुढं झालं तर दोष बहुतेक चाकाच्या आतल्या एन्कोडरमध्ये, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या भागात असतोय, आणि फौंड्रीच्या ऑफिसात तर धूळ जाणारच. वायर काढा, बिनवायरचा असेल तर सेल काढा, आणि चाकाच्या फटीत हातपंपानं हवा मारा. शॉपमधल्या कॉम्प्रेसरची लाइन थेट लावू नका, त्यात पाणी आणि तेल असतंय, प्रेशर पण लई. हवा मारून फरक पडला नाही तर माऊस बदला, किंवा चांगला महागातला असेल तर रिपेअरवाल्याकडनं नुसता एन्कोडर बदलून घ्या.