केंडो शिकताय? वार करताना या चुका टाळा

केंडो, म्हणजे जपानी तलवारबाजी, सुरू करून महिना झाला की आपले तळहात एकदा उजेडात नीट बघा. डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेच्या मुळाशी घट्टे पडले असतील तर काळजी नाही. पण उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात कातडी सोलवटली असेल, तर तुम्ही शिनाई (सरावाची बांबूची तलवार) उजव्या हाताने हाणताय. नवशिक्यांच्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं.

उजवा हात बळकट, म्हणून तोच पुढे घुसतो. मग कोपर ताठ होतं, खांदे कानाला लागतात आणि शिनाई तिरकी उतरते. खरं तर शिनाई उचलायची आणि खाली आणायची ती डाव्या हाताने. उजव्याने फक्त दिशा सांभाळायची. चुदान या मूळ पवित्र्यात डावी मूठ बेंबीच्या किंचित खाली आणि पोटापासून मूठभर पुढे असते. वार करतानाही ती शरीराची मध्यरेषा सोडत नाही. आरशासमोर उभं राहून नुसत्या डाव्या हाताने सावकाश वीस सुबुरी, म्हणजे हवेतले सरावाचे वार, करा. दहाव्यालाच हात भरून येईल, येऊ द्या.

दुसरी चूक मुठीची. शिनाई सतत आवळून धरायची नसते. वार बसतो त्या क्षणी ओलं फडकं पिळल्यासारखे दोन्ही हात आत वळवायचे आणि लगेच सैल सोडायचे. याला तेनोउची म्हणतात. हे जमलं की वार टणकन वाजतो. नाही जमलं तर नुसता दणका बसतो, आणि मेन (जाळीचं शिरस्त्राण) घातलेलं असूनही समोरच्याचं डोकं ठणकतं.

शिनाई म्हणजे काठी नव्हे, तलवार. अखिल जपान केंडो महासंघाने १९७५ साली केंडोचं सूत्र मांडलं, तेही तलवारीच्या तत्त्वांवरच. शिनाईवर एका बाजूने ताणलेली दोरी असते, ती बाजू म्हणजे पात्याची पाठ. वार बसताना दोरी वरच हवी, बाजूला वळलेली असेल तर तो वार धरत नाहीत.

पायांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि दुखापत मात्र तिथेच होते. डाव्या पायाचा चवडा बाहेर वळला की ढकलायला जोर मिळत नाही आणि टाचेमागच्या शिरेवर भलताच ताण येतो. चवडा सरळ पुढे, टाच थोडी उचललेली. उजवा पाय घोड्यासारखा उंच उचलून आपटू नका. तो जमिनीलगत पुढे न्या आणि सपाट टेका, आधी टाच नको. मागचा डावा पाय लगेच ओढून घ्या. पाऊल, शिनाई आणि आरोळी एकाच क्षणी पडायला हवीत. हे जुळेपर्यंत उडीच्या, वेगाच्या सुबुरीच्या मागे लागू नका, घाईने चूकच पक्की होते.

वार झाला की थांबून बघत बसायचं नाही. पुढे निघून जा, वळा, पुन्हा पवित्रा घ्या. वारानंतरची ही सावधता म्हणजे झानशिन. तो नसेल तर सामन्यात गुण मिळत नाही.

आणि सरावाआधी दर वेळी शिनाईच्या चारही पट्ट्यांवरून कापड फिरवा. कापड अडकलं की तिथे बांबूचं कुसळ निघालंय असं समजा. ते मेनच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. बारीक कुसळ घासून काढा. पट्टी तडकली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून खेळू नका, ती पट्टी बदला.