भुलीचा वायू पेशंटपर्यंत पोचतो तरी का? ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) या चुका टाळा

भुलीच्या वायूंनी हवामान तापतं, त्यांचा वापर कमी करा, असं सांगितलं की "आम्ही डेस्फ्लुरेन वापरतच नाही, मग आमचा प्रश्नच कुठे येतो?" हे उत्तर मला नेहमी मिळतं. पहिली चूक हीच. युरोपीय संघाने अपवादात्मक वैद्यकीय गरज सोडून डेस्फ्लुरेन या हवामान तापवणाऱ्या भुलीच्या वायूवर १ जानेवारी २०२६ पासून बंदी घातली. स्कॉटलंडने तर ते २०२३ मध्येच सोडलं. चांगलंच झालं. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या रुग्णालयांत ते महाग म्हणून आलंच नव्हतं. आपलं दुखणं निळ्या सिलिंडरमध्ये, म्हणजे भुलीसाठी दिल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडमध्ये आहे.

हिशेब करून बघा. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, चार लिटर नायट्रस ही बॉईल मशीनवरची (भूल देण्याच्या यंत्रावरची) जुनी सवय. तासाला २४० लिटर नायट्रस, म्हणजे साधारण ४४० ग्रॅम. शंभर वर्षांच्या मोजमापाने नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे एका तासाचे १२० किलो झाले! त्याच सहा लिटर फ्लोवर (मिनिटाला सोडलेल्या वायूवर) २ टक्के सेवोफ्लुरेन हे भुलीचं औषध चालवलं, तर त्याचे जेमतेम दहा किलो होतात.

हा झाला वापरलेला वायू. न वापरता उडून जाणारा त्याहून जास्त असू शकतो. एडिंबरामध्ये खरेदी आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ घातला, तेव्हा पाइपलाइनमधला बहुतेक नायट्रस पेशंटपर्यंत पोचतच नव्हता असं दिसलं. गळती मॅनिफोल्डवर (सिलिंडर पाइपलाइनला जोडतात तिथे), जोडांवर, भिंतीतल्या आउटलेटवर होते. आणि ती लक्षात का येत नाही? कारण आपण गेजवर विश्वास ठेवतो. सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक असेतोवर, तापमान तेच असेल तर, काटा जागचा हलत नाही. काटा पडू लागला की समजा, बहुतेक माल गेलेला आहे. म्हणून सिलिंडर वजन करूनच तपासायचा. शनिवारी संध्याकाळी वजन घ्या, रविवारी ओटी बंद ठेवा, सोमवारी सकाळी पुन्हा घ्या. फरक पडला तर तो कोणत्या पेशंटने ओढला, हे सिस्टरांना विचारू नका. ३० किलोचा एक सिलिंडर असा गळून संपला, तर आठ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाइपलाइन बंद करून मशीनवर छोटा सिलिंडर लावायचा आणि गरज नसेल तेव्हा त्याची चावी बंद ठेवायची.

स्कॅव्हेंजिंग (उरलेला वायू ओटीबाहेर नेणारी नळी) आहे म्हणून निश्चिंत राहणारेही भेटतात. ती नळी वायू नष्ट करत नाही, छतावर नेऊन सोडते. तुमचं डोकं दुखायचं थांबतं, एवढंच.

आता फ्लो. सेवोचा खर्च काढायचं ढोबळ सूत्र सोपं आहे: फ्लो गुणिले टक्के गुणिले तीन, म्हणजे तासाचे मिलिलिटर. सहा लिटर, दोन टक्के म्हणजे ३६ मिली. एक लिटर केलात की सहा. २५० मिलीची बाटली किती केसेस चालेल, हे मालकांना समजावणं मग कठीण जात नाही.

पण फ्लो कमी करताना घाई नडते. व्हेपोरायझरची (औषधाची वाफ करणाऱ्या डब्याची) डायल वाढवूनही पेशंटची भूल हलकी राहते, कारण कमी फ्लोवर सर्किटमधलं (मशीन आणि पेशंट यांना जोडणाऱ्या नळ्यांमधलं) प्रमाण हळू बदलतं. अशा वेळी दोन मिनिटं फ्लो वाढवा, पातळी आली की पुन्हा खाली आणा. बेलोज (मशीनचा भाता) बसू लागले तर आधी वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या गॅस ॲनालायझरची सॅम्पलिंग लाइन बघा. ती मिनिटाला सुमारे २०० मिली ओढते आणि तो वायू सर्किटमध्ये परत जोडलेला नसेल, तर तेवढी तूट पडतेच. गॅस ॲनालायझरच नसेल तर या कमी फ्लोच्या वाटेला जाऊ नका. नायट्रससोबत तर अजिबात नाही, कारण पेशंट ऑक्सिजन खात राहतो आणि सर्किटमध्ये नायट्रस साचत जातो. बेन सर्किटवरही (कार्बन डायऑक्साइड न शोषणाऱ्या नळीवरही) हा प्रयोग नको, त्याला मोठा फ्लो लागतोच. तिथे स्पायनल (कण्यातून भूल), ब्लॉक (तेवढा भाग बधिर करणं) किंवा प्रोपोफॉल (शिरेतून देण्याचं भुलीचं औषध) बरं.

श्वासनलिकेत ट्यूब टाकताना मास्क काढला की फ्लो बंद करा, व्हेपोरायझर तसाच राहू द्या. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि सर्किटमधला भरलेला वायू धुऊन टाकतात.

सर्किटमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाईम दर सोमवारी फेकणंही थांबवा. रंगावर जाऊ नका, रात्रभर विसावला की तो फिका पडून फसवतो. श्वासात आत जाणारा कार्बन डायऑक्साइड मॉनिटरवर चढू लागला की बदला. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: शनिवार-रविवार ऑक्सिजन चालू राहून तो वाळला असेल, तर रंग कसाही असो, काढून टाकायचा.