खारे वारे किती वाजता शिरतात, हे कसं टिपायचं

मार्चमध्ये मुंबईची दुपार किती तापणार, हे बरंचसं खारे वारे कधी सुरू होतात यावर ठरतं. अकराच्या सुमारास आले तर पारा तिथेच अडतो. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला आणि खाऱ्या वाऱ्यांना यायला दुपार उलटली, तर पारा चढतच जातो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती.

ही वेळ घरीही टिपता येते. घर किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत हवं आणि महिने डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात वारा रात्रंदिवस समुद्राकडूनच वाहतो, तेव्हा हा फेरा दिसत नाही.

−१० ते ५० अंशांचे दोन थर्मामीटर घ्या. तापाचा चालणार नाही. तो ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतो आणि त्यातला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. दोन्ही थर्मामीटर जमिनीपासून दीड मीटरवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत टांगा. पेटीचं दार उत्तरेला. गच्चीचा तापलेला स्लॅब आकडा फुगवतो, म्हणून अंगण असेल तर तेच बरं. एका थर्मामीटरच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पाणी डिस्टिल्डच घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार पट्टीवर साचले की ती पाणी शोषत नाही. मोकळ्या जागी उंच काठीला हलकी रिबीन बांधा आणि होकायंत्राने दिशा आखून ठेवा.

सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाने नोंद करा, दहानंतर दर दहा मिनिटांनी. सकाळी रिबीन समुद्राकडे फडफडते: हे मतलई वारे. मग ती काही वेळ लुळी पडते, आणि नंतर जमिनीकडे वळते. त्याच सुमारास कोरड्या थर्मामीटरचा चढ थांबतो किंवा तो अंशभर उतरतो, पट्टीवाला ओला मात्र, हवा दमट झाल्याने, वर सरकतो. तिन्ही खुणा एकदम जुळल्या तरच वेळ लिहा. नुसती रिबीन फिरली तर तो इमारतींमधला भोवराही असू शकतो, आणि नुसता पारा उतरला तर ढग आला असेल.

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी लागते, कोरड्या वाळूला जेमतेम तिचा पाचवा हिस्सा. शिवाय ऊन पाण्यात खोल शिरतं आणि लाटा ती उष्णता घुसळून पसरवतात. जमिनीत ती दुपारपर्यंत वरच्या थरातच राहते. म्हणून दुपारी जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत शिरते.

किनाऱ्यापासून दूर काय होतं, हे पाहायला रत्नागिरी आणि सोलापूर ही जोडी घ्या. अक्षांशात फरक अंशाहूनही कमी. मे महिन्यात रत्नागिरीची दुपार साधारण ३३ अंशांची, सोलापूरची ४० च्या घरातली. आणि सोलापूर तर सुमारे ४८० मीटर उंचावर आहे, म्हणजे उंचीच्या हिशेबाने तिथे गारवा हवा. दोन्हीकडच्या कमाल तापमानातून किमान वजा करून तुलना करा. समुद्राचा हात त्या फरकातच स्पष्ट दिसतो. मात्र हवामान खात्याच्या सकाळी ८.३० च्या नोंदीतलं कमाल तापमान आदल्या दुपारचं असतं आणि किमान त्याच पहाटेचं. ते कमाल आदल्या तारखेखाली उतरवा, नाहीतर तुमच्या वहीतला अख्खा महिना एका दिवसाने सरकेल.