फडातून काट्यापर्यंत: ऊस तोडणी-वाहतुकीचे नियोजन कसे करावे

कोल्हापूर जिल्ह्यात उसाची लागण, पाणी आणि खत शेतकऱ्याच्या हातात असते. तोड आणि वाहतूक मात्र कारखान्याने करार केलेल्या टोळ्यांच्या आणि वाहनमालकांच्या हातात जाते. खर्च तरीही शेतकऱ्याचाच असतो. केंद्र सरकार जाहीर करते ती एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाची असते. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) ती टनाला 3,550 रुपये ठरली होती, आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊनच उरलेली रक्कम खात्यावर जमा होते. म्हणून वाहतूक हा केवळ कारखान्याचा विषय आहे असे समजून टोळी येण्याची वाट पाहत बसणे महागात पडते. या साखळीत शेतकऱ्याला जे ठरवता येते, त्यातले बरेचसे तोडीच्या दिवसाआधीच ठरवावे लागते.

सुरुवात नोंदीपासून करावी. लागण होताच कारखान्याच्या गट कार्यालयात जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख यांची नोंद करून तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण तोडीचा प्रोग्राम (कोणाचा ऊस कधी तुटणार याचा क्रम) याच नोंदीवरून लागतो आणि तारखेत किंवा जातीत चूक राहिली तर ती हंगाम सुरू झाल्यावर दुरुस्त होणे अवघड असते. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या हंगामांतील लागण आणि तोडीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा यांची पक्वता वेगवेगळ्या वेळी येते. शिवाय को 86032 आणि फुले 265 या उसाच्या दोन्ही जाती एकाच शिवारात असल्या तरी त्यांना एकच मोजमाप लावता येत नाही. आपला ऊस पक्व झाला आहे की नाही हे हँड रिफ्रॅक्टोमीटरवर पाहता येते: शेंड्याकडील आणि बुडख्याकडील कांड्यांच्या रसाचे ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचे प्रमाण) जवळपास सारखे आले, तर ऊस तोडीला आला असे समजावे. चिटबॉयकडे, म्हणजे तोडीचा क्रम लावणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याकडे, तोडीची मागणी करताना असे वाचन सोबत असले, की नुसत्या तक्रारीपेक्षा त्याला अधिक वजन येते.

नदीकाठच्या उसाची गोष्ट वेगळी आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील मोठे क्षेत्र पाण्याखाली गेले होते. अशा बुडालेल्या उसाचा शेंडा कुजतो, डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि उभ्या पिकाचे वजन व साखर दोन्ही घटू लागतात. तो ऊस नोंदीच्या क्रमाने तोडायचा म्हटले तर फार उशीर होतो. पंचनाम्याची प्रत जोडून गट कार्यालयाकडे आधीच्या तोडीसाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोहोच घ्यावी.

पाणी तोडण्याचा निर्णय हा खरे तर वाहतुकीचाच निर्णय आहे. तोडीपूर्वी साधारण दहा ते पंधरा दिवस पाणी बंद ठेवले म्हणजे उसात साखर भरते, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच दिवसांत जमीन वाळून भरलेल्या ट्रॉलीचा भार पेलण्याजोगी होते, याकडे दुर्लक्ष होते. काळ्या जमिनीत चाक रुतले, की दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो, निम्मा माल खाली करावा लागतो आणि तोडलेला ऊस रात्रभर फडात पडून राहतो. उपसा संस्थेच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्यांची अडचण अशी, की पाळी आपल्या सोयीने येत नाही. त्यामुळे तोडीची अंदाजे तारीख कळताच संस्थेच्या पाटकऱ्याला सांगावे, आणि शेजाऱ्याच्या पाळीचे पाणी आपल्या वाटेवर उतरणार नाही याचीही बोलणी त्याच वेळी करून घ्यावीत. आपले रान कोरडे आणि पाणंद मात्र चिखलात, असे चित्र जानेवारीतही दिसते.

पाणंदीचे काम दिवाळीपूर्वी उरकावे. खड्ड्यांत मुरूम टाकणे, वळणावरच्या फांद्या छाटणे आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारांबद्दल महावितरणकडे अर्ज करणे ही कामे एकट्याने करण्यापेक्षा त्या वाटेवरच्या सर्वांनी वर्गणी काढून केलेली बरी. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. निकालाला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज ऊस लहान असतानाच द्यावा. टोळी बांधावर आल्यावर कायदा उघडून काही उपयोग नाही. ज्यांचे रान आतल्या बाजूला आहे, त्यांनी रस्त्याकडेचा फड आधी तुटेल असा क्रम चिटबॉयकडून लावून घ्यावा.

तोडीच्या दिवशी स्वतः फडात उभे राहावे. ऊस जमिनीलगत तोडला जातो का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण बुडख्याकडच्या कांड्यांतच साखर अधिक असते आणि उंचावर कोयता चालला तर वजन रानातच राहते. शिवाय पुढचा खोडवाही नीट फुटत नाही. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचट मोळीत जाऊ देऊ नये. तोड सोपी व्हावी म्हणून फड पेटवण्याची सूचना आली तर ती मान्य करू नये, कारण जळीत उसाची प्रत झपाट्याने घसरते आणि त्याच्या बिलातून कपातही होते.

यानंतरचा काळ घड्याळाचा आहे. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. उशीर झाला की दोन प्रकारचे नुकसान होते: उन्हाने वजन घटते, आणि रसातील साखरेचे विघटन होऊन उतारा कमी होतो. पहिले नुकसान थेट त्या शेतकऱ्याच्या बिलात दिसते. दुसरे कारखान्याच्या सरासरी उताऱ्यात मिसळून सर्व सभासदांत वाटले जाते, म्हणून त्याबद्दल कोणी फारसे भांडत नाही. वाहन त्या दिवशी जेवढे नेणार तेवढाच ऊस तोडावा, असे मुकादमाला सकाळीच स्पष्ट सांगावे. वाहन अडकलेच, तर मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात.

वाहन कोणते येईल हे अंतरावर आणि वाटेवर ठरते. अरुंद पाणंदीत आणि जवळच्या अंतरावर बैलगाडी अजूनही उपयोगी पडते, तर लांबच्या वाहतुकीला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर किंवा ट्रक लागतो. ट्रॉली वाजवीपेक्षा जास्त भरू देऊ नये, मागे रिफ्लेक्टर आहे का ते पाहावे, आणि वाहन क्रमांक, चालकाचा मोबाईल क्रमांक व निघण्याची वेळ लिहून ठेवावी. चालक ‘एन्ट्री’ म्हणून आणि टोळी ‘खुशाली’ म्हणून शेतकऱ्याकडे वरचे पैसे मागते; ही रक्कम कराराबाहेरची असते. ऊस वाळत असताना बहुतेक शेतकरी ती देऊन मोकळे होतात, आणि त्यांना दोष देणेही कठीण आहे. मात्र मागणी झाल्यास ती कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला लेखी कळवावी, आणि एकाच गटातील अनेकांनी मिळून कळवली तर अधिक चांगले.

शेवटी कारखान्याचा वजनकाटा. पावतीवर भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे स्वतंत्र पाहावेत. एकाच ट्रॉलीचे रिकामे वजन दोन खेपांत बरेच वेगळे आले, तर तेथेच विचारणा करावी. शंका असल्यास वाटेवरच्या खासगी काट्यावर वजन करून ती पावती जपावी आणि वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार द्यावी. सर्व पावत्या बिलाशी ताडून पाहाव्यात. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज देय होते. ती मुदत उलटल्यास पावत्यांच्या प्रती जोडून कोल्हापूर येथील प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्या कार्यालयात अर्ज करावा आणि त्यात मूळ रकमेसोबत व्याजाचीही मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी.