जुना कूलर काढण्याआधी

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवायच्या जागेवर) रायझन ५ ५६०० प्रोसेसर असलेल्या संगणकातला मूळचा ‘रेथ स्टेल्थ’ कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) काढून त्याजागी १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बसवायचा, असे येथे गृहीत धरले आहे. नवा कूलर बसवताना फारशा चुका होत नाहीत. जुना काढताना होतात, म्हणून ही तयारी बहुतांशी त्या कामाची आहे.

कूलर मागवण्यापूर्वी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची किती दिली आहे ते पाहावे. या आकाराचे टॉवर साधारणपणे १५५ ते १६० मिमी उंच असतात आणि रॅमवर उष्णता पसरवणाऱ्या उंच पट्ट्या असल्यास पुढचा पंखा आणखी वर सरकवावा लागतो, तेव्हा तीही उंची हिशेबात धरावी. मदरबोर्डचा खोका माळ्यावर असेल तर तो खाली काढावा, कारण रेथ स्टेल्थ थेट चार स्क्रूंनी बसत असल्यामुळे सॉकेटच्या दोन बाजूंचे मूळचे प्लास्टिकचे कंस संगणक जोडतानाच काढून बहुधा त्या खोक्यात ठेवलेले असतात, आणि काही नव्या कूलरांना नेमके तेच कंस लागतात. (इंटेलवाल्यांनी सॉकेटचे नाव तपासून घ्यावे: एलजीए१२०० च्या छिद्रांमधील अंतर ७५ मिमी, तर एलजीए१७०० चे ७८ मिमी आहे.)

लांब दांड्याचा, चुंबकीय टोकाचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारे कापड, स्क्रूंसाठी एक वाटी आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) एवढे साहित्य पुरते. नव्या कूलरसोबत पेस्ट येते, किंवा ती आधीच लावलेली असते. तशी लावलेली असल्यास वरून आणखी लावू नये.

काम सुरू करण्याआधी संगणकावर दहा-पंधरा मिनिटे जड काम चालवावे आणि प्रोसेसरचे तापमान, तसेच खोलीचे तापमान, कागदावर लिहून ठेवावे. याने तुलनेसाठी आकडा मिळतो आणि सुकलेली पेस्ट मऊ होते, हा दुसरा फायदा अधिक मोलाचा. एएम४ प्रोसेसरच्या १३३१ पिना सॉकेटमध्ये केवळ पकडीने धरलेल्या असतात. वर दाबून ठेवणारी धातूची चौकट नसते. त्यामुळे थंड, चिकटलेला कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याच्यासोबत उपटून येऊ शकतो, आणि वाकलेल्या पिना सरळ करण्याइतके कंटाळवाणे काम नाही. संगणक बंद करून, वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, पंख्याची जोडणी सोडवावी आणि यंत्र गरम असतानाच पुढचे उरकावे: स्क्रू आलटूनपालटून सैल करून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवावा, आणि तो मोकळा झाल्याची खात्री पटल्यावरच उचलावा.

येथे आणखी एक खोच आहे. हे चार स्क्रू निघाले की मदरबोर्डमागची बॅकप्लेट (हे स्क्रू ज्यात आवळले जातात ती पट्टी) धरून ठेवणारे काहीच उरत नाही, आणि ती मागे निसटते. बहुतेक टॉवर कूलर एएम४ वर हीच मूळची प्लेट वापरतात, म्हणून कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंची झाकणे आधीच काढून ठेवावीत आणि एक हात मागे असावा.

पुढचे सोपे आहे. जुनी पेस्ट पुसावी, नव्या कूलरच्या तळाची पातळ फिल्म काढावी (ती विसरणारे पुष्कळ आहेत), पेस्ट आधीच लावलेली नसल्यास प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी ठेवावी, स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळावेत आणि हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल अशा दिशेने पंखा लावून त्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या चार पिनांच्या जागी जोडावी.

त्यानंतर तेच जड काम तेवढाच वेळ चालवून नवा आकडा पहिल्याच्या शेजारी लिहावा. हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे अकोल्यात डिसेंबरात घेतलेला आकडा मे महिन्यातल्या आकड्याशी ताडताना खोलीच्या तापमानातला फरक आधी वजा करावा.